पाहुणपणाची पाळी

पुण्यात नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी, दिवाळीची सुट्टी संपवून परतल्यावर दोनच दिवसांनी मी पुन्हा रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, गावी मंडई आहे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, भाजी आणायला भंडाऱ्याला कशाला जाता? इथं महात्मा फुले मंडई आहे की." सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, विनोद चांगलाच होता. रजा मात्र मिळाली नाही, आणि मंडई म्हणजे काय ते समजावून सांगायचं राहून गेलं.

ते आता सांगते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. धानाचा, तलावांचा, वैनगंगेचा. इथं दिवाळीला 'दिवारी' म्हणतात, पोळ्याला 'पोरा', आणि बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. या मुलखात दिवाळीचा खरा सण भाऊबीजेनंतर सुरू होतो. भाऊबीजेपासून पुढं रोज कुठल्या ना कुठल्या गावाची मंडई असते. दिवसा गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे मोकळ्या मैदानावर, जत्रा, दंडारीचा नाच, शाहिरांची खडी गंमत, रात्री नाटक, आणि घराघरांत पाहुणे. पलीकडे छत्तीसगडात हिलाच मडई म्हणतात. नकाशावर राज्याची रेघ आहे, पण सण तिला विचारत नाही.

हा काळ निवडलाय तो धानानं. दिवाळीच्या सुमारास हलकं, म्हणजे लवकर येणारं धान कापून झालेलं असतं, बांध्यांमध्ये कडपा वाळत पडलेल्या असतात, कुणाची पुंजणी रचून झालेली असतात. भारी धान अजून उभंच असतं, त्याला आठ-पंधरा दिवस आहेत. म्हणजे हाताला थोडी उसंत असते आणि हलक्या धानाचे चार पैसेही आलेले असतात. कोहळी लोकांनी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांखाली ऊस उभा असतो, तलावात शिंगाडा तयार असतो. पाऊस गेलेला, थंडी अजून बोचरी नाही. कुणी पंचांग बघून काढलेला हा मुहूर्त नव्हे. शेतकऱ्याच्या वर्षात याशिवाय दुसरी फट नाही, इतकंच.

आणि प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आमची मंडई भाऊबीजेनंतरच्या गुरुवारी. मामाजींच्या गावची त्यानंतरच्या शनिवारी. मधल्या शुक्रवारी तलावापलीकडच्या गावची. हे वार कुणी ठरवले, कधी ठरवले, कुणालाच ठाऊक नाही. एवढं पक्कं की शेजारशेजारच्या गावांची मंडई एका दिवशी येत नसे. आईला अकरा गावांच्या मंडया तोंडपाठ आहेत. भिंतीवर कॅलेंडर आहे, पण त्याच्यावर गॅस कधी आला आणि गाय कधी फळली एवढंच लिहिलेलं असतं.

मंडईच्या पाहुण्याला आवतण लागत नाही. मंडई आहे हेच आवतण. सकाळी अकरापासून लोक येऊ लागतात, सायकलवर, मोटरसायकलवर तिघं-तिघं, पूर्वी बंडीतून. मामे, आतेभाऊ, जवाई, जवायाचा भाऊ, त्या भावाचा मित्र. या मित्राचं नाव घरात कुणालाच माहीत नसतं, पण त्याच्याही ताटात पहिल्या झटक्याला चार वडे पडतात. एका पाहुण्यानं किमान तीन घरी जेवायचं असा अलिखित कायदा आहे. "आमच्याकडं दोन घास तरी खा" म्हणणाऱ्यांना नाही म्हटलं तर तो राग पुढल्या मंडईपर्यंत टिकतो. लग्नाची स्थळंही इथंच निघतात. मुलगी पाहायला आलोय असं कुणी म्हणत नाही, मंडईला आलोय म्हणतात. पाणी कोण घेऊन येतं याकडे लक्ष असतं एवढंच. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न असंच ठरलं. तिनं पाणी आणलंच नव्हतं, मीच आणलं होतं आणि मी तेव्हा चौथीत होते. पाहुणे म्हणाले, हिच्याहून मोठी आहे का कोणी?

जेवणात भात, कोंबडीचा झणझणीत रस्सा, सुवाऱ्या आणि उडदाचे वडे. कुणाकडं लाखोरीच्या डाळीचे. भात एचएमटीचा. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या दीड एकराच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून तयार केलं. घड्याळाच्या कंपनीवरून त्याला नाव पडलं. पुण्यातल्या दुकानात हा तांदूळ पाकिटात मिळतो, तेव्हा मी तो हातात घेऊन उगाच दोन मिनिटं उभी राहते.

आखरावर दुपारी बारानंतर रंग भरतो. खडी गंमत 'दुय्यम' असते, म्हणजे दोन शाहिरांच्या पार्ट्या समोरासमोर. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यात जवाब द्यायचा. डफ, तुणतुणं, चोनका. हरलेला शाहीर हरलो म्हणत नाही, सवालच चुकीचा होता म्हणतो, मग लोकच निकाल लावतात. दंडारीत लुगडं नेसलेले पुरुष नाचतात, आणि त्यातला एखादा असा देखणा मुरडतो की गावातल्या खऱ्या बायका कौतुकानं आणि थोड्या असूयेनं बघत राहतात. बाकी जत्रा म्हणजे जत्रा: बांगड्या, फुगे, जिलेबी, भजी, ऊस, पाळणा. त्यावर वेळ घालवत नाही.

शिंगाडेवालीपाशी मात्र थांबते. आमच्याकडं तलावात शिंगाडा लावतात ढीवर लोक. बायका टोपल्यात दोन ढीग घेऊन बसतात, एक कच्च्या हिरव्या शिंगाड्यांचा, एक उकडलेल्या काळ्याभोर शिंगाड्यांचा. उकडलेल्यावरून वाफ निघत असते आणि तिला तलावाचाच वास असतो, चिखलाचा आणि शेवाळाचा. शिंगाड्याला दोन शिंगं, आणि ती खरोखर टोचतात. म्हातारी एक शिंगाडा डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबते, उजव्या हातातल्या इळ्याच्या टोकानं आधी एक शिंग उडवते, मग दुसरं, मग कमरेवर एक चीर. साल दोन वाट्यांसारखी उघडते आणि आतून पांढराशुभ्र गर निघतो. हे सगळं ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता करते, हाताकडं बघतही नाही. तिची बोटं नखांपर्यंत काळी झालेली असतात, डिसेंबर सरेपर्यंत तो रंग जात नाही. पोरं थांबत नाहीत, दातानंच फोडतात, आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या पोरांचे ओठ फाटलेले असतात.

रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी म्हणजे वडसा, सरकारी नाव देसाईगंज. तिथं नाटक कंपन्यांची दुकानं थाटलेली असतात. गावचं मंडळ जायचं, नाटक ठरवायचं, तारीख घ्यायची, बयाणा द्यायचा. कुणी याला हसत असेल तर त्यानं एकदा बघावं: रात्री दहाला घंटा आणि पहाटे पडदा, तिकीट काढून बसलेली हजारोंची गर्दी, जिवंत ऑर्गन आणि तबला. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. पूर्वी दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी असे. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या, त्यांना डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालानं ती कायम झाली. मधली वर्षं आमच्या भागात नाटकं पटाविनाच होत राहिली. मंडई होती म्हणून.

नाटकाच्या पत्रिकेबद्दल एक शब्द. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी: चाळीस-पन्नास नावं आणि तितकेच पासपोर्ट फोटो. नाटकाचं नाव शोधावं लागतं. ते सापडलं की त्यात कुंकू, सूड किंवा माहेर यापैकी काहीतरी असतंच. भाषणं तास-दीड तास चालतात आणि लोक ती शांतपणे ऐकून घेतात. मला वाटायचं हा सोशिकपणा. बाबा म्हणायचे, नाही, तेवढ्यात मागून येणाऱ्यांना जागा सापडते.

बाबांची जागा ठरलेली होती, ऑर्गनच्या अगदी बाजूला. बसण्यासाठी जमीन खणून खोलगट केलेली असे आणि त्याच मातीचा रंगमंच. खाली तणस अंथरलेलं. दुपारीच कुणीतरी जाऊन ताडपत्री टाकून यायचं, तिच्यावर दगड ठेवायचा. तो दगड हलवणं म्हणजे शेताचा धुरा सरकवण्याइतकाच गुन्हा. आम्ही पोरं बाबांच्या घोंगडीत शिरून झोपायचो आणि खलनायक ओरडला की जागे व्हायचो.

या सगळ्या आठवणींत आई कुठं आहे, असं मला कधी विचारावंसं वाटलं नाही. चाळिशीला टेकल्यावर वाटलं.

आई चुलीपाशी होती. आमच्या मंडईच्या दिवशी ती पहाटे चारला उठायची. आदल्या रात्री भिजवलेली डाळ पाट्यावर वाटायची, अंगण सारवायची, आणि सकाळी दहापासून कढई जी चढायची ती रात्री नाटकाची घंटा होईपर्यंत उतरत नसे. घरात तीस माणसं जेवायची, कधी पन्नास. खडी गंमतीचा डफ तिला ऐकू यायचा, एवढीच तिची मंडई. गावातल्या सगळ्या बायकांचं तेच. आपल्या गावची मंडई ही पुरुषांची, पोरांची आणि पाहुण्यांची.

पण शनिवारी मामाजींच्या गावची मंडई असायची! त्या दिवशी आई पाहुणी. ती नवं लुगडं नेसायची, डोक्याला तेल लावायची, बंडीत पुढं बसायची. तिथं मामी चुलीपाशी आणि आई आखरावर. बांगड्या भरायची, जिलेबी खायची, दंडारीतल्या नाच्याला बघून पदर तोंडाला लावून हसायची. मी तिला तसं हसताना वर्षातून तेवढंच बघायची. आणि मामी? मामी गुरुवारी आमच्याकडं येऊन तेच सगळं करून गेलेली असायची. शुक्रवारच्या गावात दोघी मिळून पाहुण्या. अकरा गावांचे अकरा दिवस वेगळे असण्यात एवढा मोठा हिशोब होता, आणि तो हिशोब कुण्या पुरुषानं मांडला असेल असं मला वाटत नाही.

बाबा गेले ते श्रावणात. त्या दिवाळीला घरात पणतीपुरता दिवा, फराळ नाही, कढई चढणार नाही, हे सांगावं लागलं नाही. गुरुवार आला. आई ओसरीत खांबाला टेकून बसली होती. मला वाटलं आज कुणी येणार नाही. अकराच्या सुमारास मामाजींची मोटरसायकल आली, मागं मामी, मांडीवर कापडानं बांधलेला गंज. त्यात भात. मग आत्याबाई आल्या, सोबत डब्यात वरण. मग बहीण-जवाई, त्याचा भाऊ, त्या भावाचा तो बिननावाचा मित्रसुद्धा, पिशवीत तांदळाचे आयते, म्हणजे धिरडी, घेऊन. प्रत्येकानं आपलं जेवण आपल्या घरून आणलं होतं आणि आम्हाला वाढलं. रस्सा नाही, वडे नाहीत. बाबांचं नाव कुणी फार काढलं नाही. धान कसं झालं, तुडतुडा किती आला, केंद्रावर बारदाना आहे की नाही, असंच बोलणं.

चारच्या सुमारास मामी उठली आणि आईला म्हणाली, "चाला वो बाई, तराच्या पारीवरून जाऊन येऊ." तराची पार म्हणजे तलावाचा बांध. आईनं मान हलवली. लोक काय म्हणतील, वर्ष सरलं नाही. मामी म्हणाली, "मंडईत नाई जावाचं. पारीवर जावाचं."

पारीवरून आखर दिसतं. मी त्यांच्या मागून चालत होते. बांधावर बाभळीच्या सावलीत तिघी उभ्या राहिलो. खाली सगळं पसरलेलं: रंगीत छत्र्या, पाळणा, धूळ, एका टोकाला डफाभोवती माणसांचं कडं, दुसऱ्या टोकाला रात्रीच्या नाटकासाठी ठोकलेला तट्टा. ऊन तिरपं झालं होतं आणि धुळीतून जाताना ते पिवळं दिसत होतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. लग्न होऊन या गावात तिला एकतीस वर्षं झाली होती.

मग म्हणाली, "एवढी मोठी भरते का वो आपली मंडई?"

मामी काही बोलली नाही. खाली उतरून तिनं शिंगाडेवालीकडून पदरात शिंगाडे आणले, आणि दोघींनी पारीवर बसून ते दातानं फोडून खाल्ले.

पुण्यात आमच्या सोसायटीतही दिवाळीनंतर स्नेहमेळावा असतो. कूपन असतं, दोन पनीरच्या भाज्या असतात, लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस असतो. वाईट काहीच नाही, मी आवडीनं जाते, एकदा निवेदनही केलं. स्वयंपाक केटररवाला करतो म्हणून कुणाच्या अंगावर काही येत नाही. पण तिथं सगळेच यजमान आणि सगळेच पाहुणे, त्यामुळं नेमकं कुणीच कुणाकडं गेलेलं नसतं. साडेदहाला स्पीकर बंद आणि लिफ्टपाशी रांग.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रस्ताव आला. गुरुवारी नागपूर-पुण्याच्या मुलांना येता येत नाही, नाटकाला गर्दी कमी होते, मंडळ तोट्यात जातं, तर मंडई रविवारी घ्यावी का? मला ते इतकं सोयीचं वाटलं! शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारी भंडारा रोडला उतरायचं. त्या प्रस्तावाखाली पहिला अंगठा माझा होता. बघता बघता साठ अंगठे झाले. ते साठही जण गावाबाहेर राहणारे. ज्यांच्या हातात कढई होती त्यांच्यापैकी एकीकडंही त्या ग्रुपचा फोन नव्हता.

मंडई रविवारी गेली. पुढल्या वर्षी शुक्रवारच्या गावानंही तेच केलं. आणि मागच्या वर्षी मामाजींच्या गावानं. तिन्ही गावांची मंडई एकाच रविवारी. मंडळाच्या मुलांना गर्दी तिघांत वाटली गेल्याचं दुःख झालं. आईनं फोनवर तारखा दोनदा विचारून घेतल्या. मग तिकडं शांतता. मग म्हणाली, "मंग मी कवा पाहुनी जावाचं?"

मी म्हटलं, अगं, मामाजी समजून घेतील, पुढच्या महिन्यात निवांत जाऊन ये.

"पुढच्या महिन्यात तिथं का आहे? धान चुरनं आहे." मग थोडं थांबून, "मी रविवारी तुया मामाकडं जातो. पाहुन्याचं तू पाय."

मला वाटलं रागानं म्हणाली. शनिवारी पोचले तर ती खरंच पिशवी भरत होती. डाळ भिजत घातलेली होती, तेवढं तिनं केलं. भावानं कोंबडे आणून ठेवले होते. रविवारी सकाळी आठला ती नवं लुगडं नेसून, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, शेजारच्या पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून गेली. वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी कढई चढवली दहाला. माझे वडे पहिल्या घाण्यात फुटले, दुसऱ्यात आतून कच्चे राहिले, तिसऱ्यापासून जमू लागले. वहिनी सुवाऱ्या लाटत होती. पाहुणे येत राहिले. आत्याबाई आल्या, त्यांनी चुलीत डोकावून "मोठी कुठं गेली?" विचारलं, आणि उत्तर ऐकून हसत सुटल्या. दुपारी कधीतरी डफ सुरू झाला. शाहिराचे शब्द कळत नव्हते, फक्त ठोका आणि मधूनच लोकांचा गलका यायचा. एका सवालावर भलताच मोठा गलका झाला. काय सवाल होता ते विचारायला मी झारा हातात घेऊन दारापर्यंत गेले, तर तेवढ्यात आणखी पाच जण चपला काढत होते.

रात्री नाटकाला जायचं ठरवलं होतं. बाबांच्या जागेपाशी भावानं ताडपत्री टाकून ठेवली होती. साडेदहाला अंग टेकलं ते सकाळीच उठले.

आई सोमवारी नऊ वाजता परतली. हातात हिरव्या बांगड्या नव्हत्या, त्या ती आता भरत नाही, पण नातीसाठी घेतलेल्या कागदात गुंडाळून आणल्या होत्या. कंबरेला शिंगाड्यांची गाठोडी. ओसरीत बसून तिनं पाय लांब केले, पाणी प्यायली आणि मला विचारलं, "कशी भरली होती वो मंडई?"

"नाही पाहिली," मी म्हटलं.

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मनगटापाशी तेलाचा एक फोड आला होता. मग गाठोडीची गाठ सोडली, शिंगाडे सुपात ओतले आणि सूप माझ्याकडं सरकवलं.